दोनच स्पीकर आहेत? मग आधी स्टिरिओ ट्रॅक निवडा

दोन स्पीकरवर मल्टिचॅनल (दोनाहून जास्त स्पीकरसाठी बनवलेली) डिस्क वाया जाते, हे मनातून काढून टाका. एसएसीडीवर (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे हाय-रेझोल्यूशन ध्वनीची डिस्क) बहुतेक वेळा स्टिरिओचा वेगळा विभाग असतो, आणि तो दोन स्पीकरसाठीच मिक्स केलेला असतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये तो कायमचा निवडून ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे: मल्टिचॅनल ट्रॅक चालू, पण अॅम्प्लिफायरला जोडलेत फक्त पुढचे डावे-उजवे आउटपुट. गायकाचा आवाज बऱ्याचदा सेंटरमध्ये, म्हणजे मधल्या स्पीकरच्या चॅनलमध्ये असतो, तो क्षीण होतो किंवा गायबच. मग दोष डिस्कला! मल्टिचॅनलच ऐकायचं असेल, तर स्पीकर सेटअपमध्ये सेंटर, सराउंड आणि सबवूफर 'नाही' करा; प्लेअर ते दोन चॅनलमध्ये मिसळेल. सबवूफरचा खास चॅनल यात बहुधा गळतो, पण संगीतात त्याची उणीव फारशी जाणवत नाही.

आणखी दोन गोष्टी:

- ऑप्टिकल केबलमधून एसएसीडीचा हाय-रेझोल्यूशन सिग्नल जात नाही. हायब्रिड डिस्क (एसएसीडी आणि साधी सीडी असे दोन थर असलेली) असेल तर फार तर साधा सीडीचा थर ऐकू येईल. अॅनालॉग आउटपुट वापरा.
- डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रेला पहिल्यांदा टीव्ही जोडा, मेनूतून ट्रॅक निवडणं सोपं जातं.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जे मोठ्याने वाजतं ते कानाला उगाचच चांगलं वाटतं. डीएसडी की पीसीएम (डिजिटल ध्वनी साठवण्याच्या दोन पद्धती) हा वाद सध्या बाजूला राहू द्या. प्लेअरचं मॉडेल कळवा, नेमकी सेटिंग सांगतो.