सल्लागाराला टक्केवारी देण्याआधी बेदाणा शेडवर जाऊन या

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता, बेदाण्यासाठी सौर वाळवणी यंत्राचा नमुना तयार आहे, पुढच्या महिन्यात परिषदेत त्यावर पेपर वाचणार आहात. आणि एक सल्लागार सरकारी अनुदान मिळवून देण्यासाठी दीड लाख आगाऊ, वर मंजूर रकमेचे दहा टक्के मागतोय. देऊ नका. पण त्याहून तातडीचा आहे तो पेपर.

आपण हळदीच्या पेठेतली माणसं, ही गोष्ट ऐकली असेलच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने आधीच छापलेल्या मजकुराचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. तेव्हा छापील शब्द आपल्या कामी आला. तुमचा पेपर मात्र तुमच्याच पेटंट अर्जावर उलटू शकतो, कारण आधी जाहीर झालेली गोष्ट नवी धरली जात नाही. कायद्यात थोडी सवलत आहे, तिच्या भरवशावर राहू नका. परिषदेआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. ऑनलाइन शुल्क व्यक्तीला १,६०० रुपये, शैक्षणिक संस्थेलाही तेवढंच. पुढे संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मसुद्यासाठी नोंदणीकृत पेटंट एजंट घ्या, तिथे हात आखडू नका. अर्ज कोणाच्या नावे, हे कॉलेजकडून आत्ताच लेखी घ्या. पैसे आल्यावर ही चर्चा फार अवघड होते.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. हळद पॉलिशच्या यंत्रासाठी मीही एका सल्लागाराला आगाऊ पैसे दिले होते. अर्ज देखणा झाला. मुलाखतीत समितीने विचारलं, क्विंटलमागे तुमचा खर्च किती आणि आज शेतकरी किती देतो? मला सांगता आलं नाही. उत्तर द्यायला सल्लागार तिथे नव्हता. पैशापेक्षा ते वाया गेलेलं वर्ष मला अजून बोचतं.

म्हणून हंगामात तासगाव, कवठेमहांकाळकडच्या पंधरा-वीस शेडवर स्वतः जा. रॅकवर माल किती दिवस राहतो, द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट आणि मजुरीला किती जातात, अवकाळी पावसाने बेदाणा काळा पडला तर सौद्यात किलोमागे किती तुटतात, हे वहीत लिहून घ्या. मग यातलं तुमच्या यंत्रामुळे काय वाचतं ते मांडा. शेडमालक यंत्राला किती मोजेल तेही विचाराच. स्तुती सगळेच करतात. हे आकडे हातात असले की निम्मा अर्ज लिहून झाला.

नमुना सुधारायला निधी-प्रयास ही केंद्र सरकारची योजना बघा, कमाल १० लाख, इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, मिळतात. कंपनी घाईने काढू नका. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात २० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण नियमाप्रमाणे अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. आधी दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांहून जास्त घेतले असतील तरी बाद. तेव्हा क्रम जपा, आणि अर्ज सध्या घेतात का ते आधी पाहा.

सल्लागार हवाच असेल तर खर्चाचा तक्ता किंवा बाजाराचा हिशेब, असं नेमकं काम ठरवून द्या. काम झाल्यावर ठरलेली फी द्या. टक्का नको.

शेडवर जाताना सोबत लागली तर कळवा, मणेराजुरीकडे माझ्या ओळखीचे दोन-तीन शेडवाले आहेत.