‘हेड गेले’ म्हणण्यापूर्वी नोझलचा कागद वाचावा

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. सहा रंगांचा, शाईच्या टाक्या असलेला इंकजेट फोटो प्रिंटर मी तीन वर्षे वापरत आहे. वाशिष्ठीच्या पुराची धास्ती असल्यामुळे जुलैमध्ये मी तो माडीवर नेऊन ठेवला आणि लग्नसराई संपलेली असल्याने तो दीड महिना बंदच राहिला. पुन्हा सुरू केल्यावर पासपोर्ट फोटोंतील चेहरे हिरवट येऊ लागले आणि त्यांवर बारीक आडव्या रेघा दिसू लागल्या. मी लागोपाठ सात वेळा हेड क्लीनिंग (कागदावर शाई उडवणारा भाग, म्हणजे हेड, साफ करण्याची प्रिंटरमधील सोय) केले, तर प्रिंट आधीपेक्षाही बिघडली. दुरुस्तीवाल्यांनी ‘हेड गेले’ असे सांगितले. नव्या हेडचा खर्च जवळजवळ नव्या प्रिंटरइतका आहे. नोझल तपासणीचे पाच कागद सोबत जोडत आहे. हेड बदलावे का?
– एक छायाचित्रकार, चिपळूण

उत्तर : आपण पाचही कागदांवर वेळ लिहून ते क्रमाने पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण निदान त्या कागदांतच आहे. आपल्या वर्गातील प्रिंटरमध्ये सहसा हेडमध्ये प्रत्येक रंगासाठी ९० छिद्रे (नोझल) असतात आणि तपासणीच्या कागदावर उमटणारी प्रत्येक आखूड रेघ म्हणजे त्यांतील एकेका छिद्राची हजेरी असते. पहिल्या दोन कागदांवर फक्त फिक्या मजेंटाच्या (किरमिजी रंगाच्या) काही रेघा गाळल्या गेल्या आहेत आणि दोन्हींवर त्या अगदी त्याच जागी गाळल्या गेल्या आहेत. हे शाई सुकून छिद्र बुजल्याचे लक्षण आहे. चेहऱ्याच्या उजळ भागातला तांबूसपणा मुख्यतः हाच रंग देतो, त्यामुळे तो कमी पडला की कातडी हिरवट दिसते.

तिसऱ्या कागदापासून मात्र चित्र बदलते. आता सायन (आकाशी) आणि काळ्या रंगाच्याही रेघा तुटल्या आहेत आणि प्रत्येक कागदावर त्या वेगवेगळ्या जागी तुटल्या आहेत. चौथ्या कागदावर गायब असलेला काळ्याचा एक पट्टा पाचव्यावर पुरता उमटला आहे. बुजलेले किंवा जळालेले छिद्र अशी जागा बदलत नाही. हेडमधील विजेचा भाग निकामी झाला असता तर तीच छिद्रे कायमची मुकी राहिली असती किंवा एखादा रंग संपूर्णच नाहीसा झाला असता. जागा बदलणारी तूट बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे शाईच्या वाटेत हवा शिरली आहे. म्हणून, या कागदांवरून तरी, आपले हेड गेलेले नाही असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील गोष्टी करून पाहिल्याशिवाय आपण नव्या हेडवर एक रुपयाही घालवू नये.

हवा कोठून आली असावी? एक शक्यता जिन्याची आहे. टाकीचा प्रिंटर तिरपा करून वर नेला की नळ्यांत बुडबुडे शिरतात. काही प्रिंटरना टाक्यांजवळ वाहतुकीसाठी शाई रोखणारी कळ असते, तीही आपल्याकडे बंद राहिली आहे का ते पाहावे. दुसरी शक्यता कपाची आहे. प्रिंटर थांबला की हेड उजव्या टोकाला रबरी कडा असलेल्या एका लहान कपावर जाऊन बसते. क्लीनिंगच्या वेळी खालचा पंप याच कपातून शाई ओढतो. कपाच्या कडेवर वाळलेल्या शाईची खपली असेल तर तो हेडला घट्ट चिकटत नाही आणि पंप शाईऐवजी हवा ओढू लागतो. अशा स्थितीत प्रत्येक क्लीनिंगने दुखणे वाढते, आणि सात वेळा क्लीनिंग करूनही आपल्या हाती हेच आले.

आता उपाय. प्रथम सर्व टाक्या निदान एकतृतीयांशाच्या वर भरून घ्याव्यात. प्रिंट देऊन हेड कपावरून डावीकडे सरकले की प्लग काढावा. एरवी असे कधीही करू नये, पण कप उघडा मिळवण्याचा हाच सोपा मार्ग आहे. धागे न सुटणारे कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओले करून कपाची कडा आणि शेजारची रबरी वायपर पट्टी हलक्या हाताने पुसावी. नंतर कप डिस्टिल्ड वॉटरने काठोकाठ भरावा, प्रिंटर सुरू करून एकदाच क्लीनिंग द्यावे आणि कप पुन्हा उघडून पाहावा. पाणी ओढले गेले असेल तर पंप आणि त्याची नळी ठीक आहे. पाणी तसेच साचलेले असेल तर दोष तिथे आहे, आणि ती दुरुस्ती हेडच्या मानाने फारच स्वस्तात होते.

पाणी ओढले गेले असेल, तर प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून निदान बारा तास हात लावू नये. या विश्रांतीत बुडबुडे विरतात आणि सुकलेली शाई मऊ पडते. सकाळी क्लीनिंग न करता थेट नोझल तपासणी घ्यावी. तूट कमी झालेली दिसली, तर दिवसाला एक क्लीनिंग पुरे. काहीच फरक नसेल तर मेनूमधील शाई फ्लश करण्याची सोय एकदाच वापरावी. तिने नळ्यांतील सगळी शाई बदलते, पण शाई भरपूर खर्च होते आणि वाया गेलेली शाई शोषणारे पॅडही लवकर भरते.

एक सूचना पिवळ्या रंगाबद्दल. त्याच्या तुटक रेघा पांढऱ्या कागदावर नजरेला लागत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर गडद निळा रंग आणून त्याच्या उजेडात कागद धरला की त्या रेघा काळपट दिसतात आणि गाळलेल्या जागा लगेच कळतात.

यापुढे चातुर्मासात काम नसले तरी आठवड्यातून एकदा सहाही रंग असलेला छोटा फोटो छापावा. बोर्डावरचे बटण मात्र प्रिंटरचा दिवा विझल्यानंतरच बंद करावे, नाहीतर हेड कपावर न बसता उघडेच राहते.

प्रश्न : माझ्या घरगुती प्रिंटरचे हेड काढता येते. ते उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवावे असे सुचवले जाते. ते योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उकळते पाणी मुळीच नको. आपले हेड उष्णतेवर चालणारे असावे. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न (डाख देण्याचे हत्यार) शाईच्या सिरिंजच्या सुईला लागले आणि टोकातून शाई उडाली, त्यातून हे तंत्र निघाले. यात सूक्ष्म तापक शाईचा बुडबुडा करून थेंब बाहेर ढकलतो आणि ती शाईच त्याला थंडही ठेवते. म्हणून अशा प्रिंटरवर शाई संपूनही छापत राहणे सर्वांत घातक, कारण कोरडा तापक जळतो. हेड काढून त्याचा फक्त छिद्रांचा तळ कोमट डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या कापडावर दहा मिनिटे टेकवून ठेवावा. सोनेरी संपर्कबिंदू कोरडे राहतील याची काळजी घ्यावी आणि ते पूर्ण कोरडे असल्याची खात्री करूनच हेड परत बसवावे. सिरिंजने जोरात पाणी मारू नये, त्या दाबाने आतले पातळ थर फुटतात. स्पिरिट आणि काच पुसण्याचे द्रव मी तरी वापरणार नाही. पाण्याने न सुटणारी शाई कदाचित त्यांनी सुटेल, पण चिकटवलेले सांधे सुटण्याचा धोकाही त्यात आहे.