आक्कांच्या वह्यांचं काय करू?

प्रश्न: आमच्या आजेसासूबाई, सगळ्या पेठेच्या आक्का, गेल्या वर्षी साधारण 93 व्या वर्षी गेल्या. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायचं घरात ठरलंय. पंधरा-वीस जणांनी लिहून दिलं, पण सगळ्यांचं तेच: प्रेमळ, कष्टाळू, समाजसेवी. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. “शाहू महाराज जाऊन धा वर्सं झालती, तवाचा माझा जल्म,” एवढंच त्या सांगायच्या. “तू हो म्होरं, मी आलो,” असं त्यांचं बोलणं. गल्लीची मोठी भांडी आमच्या माडीवर असायची, ती आक्का लग्नाकार्याला, दुखवट्याला फुकट द्यायच्या. त्याच्या अकरा वह्या सापडल्यात. नुसती नावं, पातेली, पराती. मुलं म्हणतात, रद्दीत घाला. एका पानाचा फोटो सोबत पाठवतेय.
– एक नातसून, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी त्या वह्या माडीवरनं खाली कोरड्या जागी आणा, पावसाच्या आत. जुन्या कागदाला ओल धरली की संपलं.

तुमचा फोटो मी रात्री पुन्हा पुन्हा काढून बघत होते. ऑगस्ट 2019 चं पान आहे. “मोठी पातेली 3, झारे 2, पराती 4. शाळंत. पाणी.” बस्, एवढंच. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फुटांची, आणि त्या आठवड्यात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. आक्का तेव्हा 87 च्या आसपास असतील, अक्षर थरथरलंय. तरी किती पराती गेल्या ते चुकलेलं नाही, आणि महिन्याभरानं पुढं “आलं” अशी खूणही केलीय. हे पान आहे तसं छापा. खाली एक ओळही लिहू नका.

आणि त्याच पानावर वरती, एका नावापुढं “पातेलं 1, भरून”. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजारपाजारच्यांनी न्यायचा, ही आपली रीत. आक्का तिथं रिकामं भांडं पाठवत नव्हत्या. अकरा वह्यांत “भरून” किती वेळा आलंय ते मुलांनाच मोजायला बसवा. रद्दीची भाषा आपोआप थांबेल. मात्र कुणाला पैसे, धान्य उसनं दिल्याची नोंद सापडली तर ती छापू नका. ती त्या घराची अब्रू आहे, आणि आक्कांनी ती आजवर झाकून ठेवली.

जन्मसाल त्यांनी सांगूनच ठेवलंय. महाराज गेले 6 मे 1922 ला, म्हणजे 1932 च्या आसपास. शाळेच्या दाखल्यावर 1 जून सापडला तर त्यावर फार विसंबू नका, त्या काळी गुरुजी पुष्कळांना तीच तारीख लावत. बाकीची सालं म्हाताऱ्या माणसांना विचारताना साल विचारूच नका. “कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे आक्का कुठं होत्या, कडेवर कोण होतं?” असं विचारा. तो 11 डिसेंबर 1967 चा. कडेवरचं पोर कळलं की निम्मा हिशोब लागतो. “पोलिओच्या डोसाला पहिल्यांदा दारोदार हाका मारत कोण फिरलं?” विचारलं की 1995 सापडेल.

अजून एक. तुमच्या पत्रात त्यांचं वाक्य आहे, “तू हो म्होरं, मी आलो.” आपल्याकडच्या बायका असंच बोलतात. प्रूफं तपासणारा “आले” करेल, करू देऊ नका. माझी आई गेली तेव्हा आम्ही चाळीस पानांची पुस्तिका काढली. सगळी भाषा शुद्ध करून घेतली. आज उघडली की त्यात वात्सल्यमूर्ती, त्यागमूर्ती सगळं आहे, आईचा आवाज नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फोटोत शेवटच्या ओळीपुढं “आलं” ही खूण नाही. एक पातेलं अजून कुणाच्या तरी घरात आहे, नाव घातलेलं असणार. त्या घरी पहिल्यांदा जा. पातेल्याचं नंतर बघू, त्या माणसांना आक्कांबद्दल बोलू द्या आणि बोलतील तसं उतरून घ्या.