चौकातलं नाटक : तिकीट लावायचं का?

प्रश्न : आमच्या तालीम मंडळाला यंदा चौकात मोठं नाटक फुकट दाखवायचंय. वर्गणी जमेल. पण जाणती मंडळी म्हणतात, फुकट ठेवलं की किंमत राहत नाही, थोडं तिकीट लावा. काय करावं?
— एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तिकीट अजिबात नको. गणपतीत सजीव देखावे बघायला आसपासची गावं उतरतात, आयाबाया पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात. तिथं कोण पावती फाडतं? किंमत जाते ती दिसत नाही, ऐकू येत नाही अशा नाटकाची.

आपलं खासबागेचं कुस्तीचं मैदान आठवा. शाहू महाराजांनी १९१२ साली पुरं केलेलं. आखाडा मध्ये, भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळं पार मागच्यालाही पैलवानानं पट काढलेला दिसतो. तुमचा चौक सपाट. तिथं दोन फुटांचं स्टेज घातलं तर चौथ्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसणार. स्टेज छातीएवढं उंच घ्या. पुढं सतरंज्या, मग खुर्च्या, उभे राहणारे सगळ्यात मागं. स्पीकरची भिंत स्टेजजवळ रचू नका. पुढचे कानात बोटं घालतात आणि मागं नुसता गोंगाट पोचतो. लहान स्पीकर रस्त्याकडेनं थोड्या-थोड्या अंतरावर पार मागपर्यंत लावा.

परवान्यांची धावपळ आहेच : पोलीस, महापालिका, संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासून मंजूर करणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र. रात्री दहाला भोंगा बंद, म्हणून साडेसातला सुरू करा.

परवान्यांबरोबर माणसंही राजी करावी लागतात. २००६ च्या मे महिन्यात रॉयाल द ल्यूक्स या फ्रेंच नाटक कंपनीनं लंडनच्या रस्त्यांवर अवाढव्य यांत्रिक हत्ती चार दिवस फिरवला, तोही फुकट. तो आणणाऱ्या आर्टिचोक संस्थेची त्याआधीची कित्येक वर्षं रस्ते बंद करायला माणसं राजी करण्यात गेली. तुम्हाला एवढं लागणार नाही, पण चौकात दूधकट्टा, म्हणजे म्हशी बांधून समोरच धार काढून दूध विकायची जागा, असेल तर म्हशीवाल्यांना आधी भेटा. संध्याकाळी म्हशी बांधायच्या जागेवरच तुमचे बांबू उभे राहिले, तर धार काढायची कुठं? आणि पेल्यातलं धारोष्ण दूध प्यायला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं, तर पुढच्या वर्षीची वर्गणी विसरा.

आणि एक. पुढं सोफे टाकू नका. पाहुणे उशिरा येणार, मग सत्कार, शाल, भाषण, तोवर पोरं झोपलेली. नारळ फोडा आणि थेट तिसरी घंटा द्या. सत्कार हवाच असेल तर प्रयोग संपल्यावर, थांबतील त्यांच्यासमोर.