गव्हाचे जीन्स भाताशी, मक्याशी ताडून बघण्यात शेतकऱ्याचा काय फायदा?

तुमचा प्रश्न मला असा समजला की गहू, भात, मका यांचे जीन्स (गुणधर्म ठरवणारे डीएनएचे तुकडे) जर बरेचसे सारखेच आहेत तर पिकं एवढी वेगळी कशी, आणि शास्त्रज्ञ त्यांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, शेजारी शेजारी मांडून नेमकं काय शोधतात. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, घरी अजून थोडा खपली गहू पेरतात आणि शिक्षण वनस्पती जैवतंत्रज्ञानातलं, त्यामुळं खपलीवरूनच सांगतो.

बन्सी गव्हाची ओंबी तळहातावर चोळा, फुंकर मारली की दाणा मोकळा. खपलीची चोळली तर ओंबीचे तुकडे पडतात पण प्रत्येक तुकड्यात दोन दाणे टरफलात घट्ट अडकलेलेच राहतात. आजी ती उखळात पाण्याचा हात लावून सडायची, दोन पायली होईपर्यंत तिचे खांदे भरून यायचे. आणि हे दोन गहू किती जवळचे, तर दोघांचे क्रोमोसोम (डीएनएच्या गुंडाळ्या) २८च, अगदी सख्खे भाऊ म्हणा. हा फरक मोठ्या प्रमाणात क्यू नावाच्या एका जीनवर येतो (टरफल कडक ठेवणारे दुसरे जीनही आहेत, पण मुख्य हाच). खपलीत हा जीन नाही असं नाही, आहे आणि चालूही आहे, फक्त त्याचं काम कमी चालतं. मायक्रोआरएनए १७२ नावाचा एक छोटा रेणू क्यूच्या संदेशावर (जीनवरून निघणाऱ्या कामाच्या प्रतीवर) येऊन बसतो आणि तो दाबून टाकतो. मोकळ्या दाण्याच्या गव्हात त्या बसायच्या जागेतलं एक अक्षर (डीएनएचा सगळ्यात छोटा घटक) बदललंय, एकच, त्यामुळं रेणू नीट बसत नाही, संदेश टिकतो, टरफल सैल पडतं आणि ओंबीचा दांडा चिवट होतो. याला म्हणायचं जीनचं नियमन, म्हणजे जीन कधी, कुठं आणि किती चालणार ते.

आता ही जागा महत्त्वाची आहे हे ओळखायचं कसं? चपातीच्या साध्या गव्हाचा जीनोम सुमारे १६ अब्ज अक्षरांचा, माणसाचा ३ अब्ज, भाताचा जेमतेम ४० कोटी. २०१८ साली साध्या गव्हाचा पूर्ण जीनोम आला तेव्हा त्यात १ लाख ७ हजारांवर जीन्स मिळाले, पण हा गहू तीन गवतांच्या संकरातून झालाय, म्हणजे प्रत्येक गवताकडून आलेल्या एका संचाला ३६ हजारच, भाताच्या आसपास. बाकी जवळजवळ ८५ टक्के भाग इकडून तिकडं उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचा. एवढ्या गंजीत असा स्विच, म्हणजे नियमनाची जागा, शोधायचा तर नातेवाईकांकडं जावं लागतं. गहू आणि भात पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वेगळे झाले, इतक्या काळात ज्याला काही काम नाही ते अक्षर बदलून जातं, आणि जो तुकडा गहू, सातू, भात सगळ्यांत तसाच्या तसा राहिलाय तो कुणीतरी जपलाय, म्हणजे तिथं काहीतरी काम चालतं. मायक्रोआरएनए १७२ ची ती जागा अशीच सगळीकडं जपलेली आहे. सातूमध्ये तर क्यूच्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका जीनमध्ये याच जागेत एक अक्षर बदललं की फूल उघडतच नाही, बंद राहूनच परागीकरण होतं. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

पण जपलेलं तेवढंच कामाचं असंही धरू नका. मक्याचा रानटी पूर्वज झुडपासारखा फुटायचा, आपला मका एका ताटाचा आहे, त्यामागं एक उडी मारणारा तुकडा आहे, जो टीबी१ या जीनच्या सुमारे ६० हजार अक्षरं आधी जाऊन बसला आणि तिथून त्यानं जीनचं काम वाढवलं. म्हणून तुलनेत काय सारखं राहिलं याच्याइतकंच काय नवीन घुसलं हेही बघावं लागतं. साध्या गव्हात आणखी एक भानगड, तिन्ही संचांतल्या सारख्या जीन्सपैकी ७० टक्क्यांच्या आसपास तिन्ही प्रती बरोबरीनं चालतात, बाकीच्यांत एखादी प्रत पुढं किंवा मागं राहते, त्यामुळं एका प्रतीत बदल केला तरी पिकात दिसेलच असं नाही.

आणि सगळंच स्विचवर चालत नाही बरं का. काळ्या तांबेऱ्याला (गव्हाच्या खोडावरच्या रोगाला) दाद न देणारा एसआर१३ जीन खपलीतून दुसऱ्या गव्हांत गेलाय, तिथं त्या जीनपासून बनणारं खुद्द प्रथिनच कामाचं आहे. तांबेऱ्याचं संशोधन आपल्या साताऱ्यातच, महाबळेश्वरच्या केंद्रावर चालतं, आणि जगातल्या तांबेऱ्याच्या जुन्या कागदांत खपली हे नाव आपल्या उच्चारासकट लिहिलेलं सापडतं, याचा मला फार अभिमान आहे.

शेतकऱ्याचा फायदा विचाराल तर असा, की ओंबी येईपर्यंत थांबायची गरज राहत नाही, रोप बोटभर असतानाच पानाचा तुकडा घेऊन ते एक अक्षर तपासता येतं, आणि कुठलं रोप ठेवायचं ते पैदासकाराला तिथंच कळतं. सहज मळणारी खपली करता येईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तर क्यू वाढवला की फक्त टरफल नाही, ओंबीचा आकारही बदलतो, आणि खपलीचं ते टरफल दाण्याला किडीपासून वाचवतं. आमच्याकडं खपली टरफलासकटच साठवतात, लागेल तशी महिन्याची काढून गिरणीत नेतात आणि पेरायलाही टरफलासकटच वापरतात. तेव्हा माझ्या मते टरफल पूर्ण सैल करण्यापेक्षा मशीनला सोपं जाईल एवढंच सैल करावं, आणि त्यासाठी तो स्विच अर्धा कुठं थांबवता येतो ते शोधायला पाहिजे.