७०-३०० लेन्स आणि फाल्गुनातले पक्षी

तुमची तक्रार अशी, की ७०-३०० मिमी झूम लेन्सवर पक्षी लहान येतात आणि आले तरी आभाळ पांढरंफटक, पक्षी काळाठिक्कर. मग आणखी लांबचं जवळ आणणारी १५०-६०० घ्यावी का? माझं मत, एवढ्यात नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा पानं गाळून फुलतात आणि पक्षी आपणहून तिथे येतात. एक फुललेलं झाड निवडा आणि तिथेच ठाण मांडा.

झाड निवडण्यात मात्र वेळ घालवा. टेकडीच्या उतारावरचं मिळालं तर उत्तम. वरच्या पायवाटेवर उभं राहिलं की झाडाचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि मागे आभाळाऐवजी डोंगर. पक्षी काळा येण्याचं दुखणं तिथेच निम्मं मिटतं. झाड आपल्या पश्चिमेला हवं, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर. पुण्यातून वेताळ टेकडी जवळची. सिंहगडच्या खोऱ्यात रविवारी पक्ष्यांपेक्षा कॅमेरेच जास्त, तिथे मधल्या वारी जा.

पहिला अर्धा तास नुसतं बघा. काटेसावरीच्या फुलात मैना, बुलबुल डोकं खुपसतात, तेव्हा फोटो काढून उपयोग नाही. डोकं बाहेर काढून पक्षी क्षणभर इकडेतिकडे बघतो, कपाळाला पराग लागलेले असतात, तेव्हा दाबा. पळसमैनांचा थवा आला तर घाई नको. आधी शेंड्यावर कलकलाट करतात, मग फुलांवर उतरतात. भुर्रकन उडाल्या तरी बरेचदा एक फेरी मारून परत येतात. जांभळा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, त्याचा नर त्याहून सोपा: आवडत्या काटकीवर गातो, दुसरा नर आला की हाकलतो, पुन्हा तिथेच बसतो. फोकस काटकीवर लावून थांबा. तो बहुतेक वेळ काळाच दिसतो, पण उजेड नेमका पडला की निळा-जांभळा लखलखतो. त्यासाठी दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा.

मागे आभाळच असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +१ ते +१.७. पळसाच्या फुलांवर हेच केलंत तर केशरी रंग फाटतो, पाकळीवरची लवही दिसेनाशी होते. तिथे उलट -०.३ ते -०.७, हिस्टोग्राममध्ये (उजेडाचा आलेख) लाल रंगावर लक्ष, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. शटर १/१००० सेकंद, शिंजिराला १/१६००.

साडेनऊनंतर सरळ बॅग आवरा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी धूसर येतो. ते कुठल्याच लेन्सने सुधारत नाही. उलट ६०० घेऊन आपण आणखी लांबचे पक्षी टिपायला जातो आणि दोष जास्तच दिसतो.

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला कधी जावं, हेही विचारलं होतंत. तिथे हिवाळ्यात येणारे पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) मार्चमध्ये परतीला लागतात, तेव्हा लांबणीवर टाकू नका. नावाड्याला आधीच सांगा, रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात होडी घालू नका म्हणून. उडते रोहित हवेत हा हट्ट आपल्यातलेच लोक धरतात, नावाड्यांना तरी कशाला दोष द्यायचा!

घरट्यांचे फोटो नकोत, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर त्याहून नको. हे दिवस विणीचे. आडोशाची एक डहाळी बाजूला केली तरी कावळ्याला पिल्लं दिसतात.

आणि पक्ष्यांखेरीज काय, तर पेंच किंवा ताडोबाला जाणार असाल तर गाईडला वाघाआधी फुललेली काटेसावर विचारा. वर वानरं फुलं ओरबाडतात, अर्धवट खाऊन टाकतात, ती खायला खाली चितळं जमतात. एकच वानर किंवा एकच चितळ टिपू नका, वरची फांदी आणि खालचा कळप एका चौकटीत बसवा. त्यासाठी ३०० लागतच नाही, बहुतेक वेळा ७० ते १०० वरच काम होतं.