भुताशिवायचा भूतबंगला

प्रश्न : कॅम्पातल्या फ्रीमेसन हॉलला आमची आजी ‘भूतबंगला’ म्हणायची. आत असतं तरी काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आजींना दोष देऊ नका, दारं बंद ठेवल्यावर लोक बोलणारच! फ्रीमेसन ही बंधुभाव मानणारी, आपले विधी गुप्त ठेवणारी जुनी संघटना (‘मेसन’ म्हणजे गवंडी); तिच्या शाखेला आणि सभेच्या दालनाला ‘लॉज’ म्हणतात, राहायचं लॉज नव्हे. मी वास्तुरचनाकार, त्यामुळे माझा जीव लॉजच्या फरशीत. मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटी, बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराची आठवण देणारे दोन खांब. प्रमुखाची खुर्ची पूर्वेला. प्लॉट आडवा आला आणि खुर्ची प्रत्यक्षात दक्षिणेला गेली, तरी ती बाजू ‘पूर्व’च म्हणायची! (आपल्या वास्तुतज्ज्ञांना ही सोय सुचली नाही.) गुण्या आणि कंपास हे फ्रीमेसनांचं चिन्ह, म्हणजे गवंड्याचीच हत्यारं. मुंबईत 1843 साली भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार’ लॉज निघालं. भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, 1961 चं.